ढिबरीचे एकोणीस दोष

रांझी, जबलपूर
१८ जानेवारी

रुचिरा,

बाबांचं नाव निघालं तर फोन ठेवीन, अशी अट तू घातलीस. दोन वर्षं मी ती पाळली. भाजी काय केली, थंडी किती पडली, एवढ्यावर मायलेकींनी किती दिवस काढायचे? म्हणून आता पत्र लिहिते आहे. पत्रही मध्येच बाजूला ठेवता येतं, पण पुढे काय लिहिलंय या विचाराने तुला झोप लागणार नाही. शेवटी माझीच मुलगी आहेस.

तर बातमी अशी की घरात कुत्र्याचं पिल्लू आलं आहे.

संक्रांतीला आम्ही तिलवाऱ्याला गेलो होतो. मी नर्मदेत डुबकी मारली आणि तुझे बाबा नेहमीप्रमाणे 'पाणी थंड आहे' म्हणून पायऱ्यांवर चपला राखत बसले. मी केस पुसत वर आले तर एक पिवळसर पिल्लू त्यांच्या चपलेवर ठाण मांडून बसलेलं. तिळाची गजक विकणाऱ्याच्या गाडीखालून आलं म्हणे. बाबा त्याला 'हट' म्हणत होते आणि ते हलत नव्हतं. मग त्यांनी ते उचललं, उलटंसुलटं केलं, चारही पाय ताणून पाहिले आणि मला म्हणाले, "विनता, हिचा मागचा उजवा पाय दोन सूत आखूड आहे."

मी तेव्हाच समजले की पिल्लू घरी येणार. ज्या वस्तूत दोष सापडत नाही तिच्याकडे हा माणूस दुसऱ्यांदा बघत नाही. फॅक्टरीतल्या इन्स्पेक्शनच्या टेबलावर छत्तीस वर्षं काढली, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी अजून सगळं सुतात मोजतात. माझ्या पोळीचा व्याससुद्धा.

माझ्या शालीत गुंडाळून स्कूटरवर आणली. नाव ठेवलं ढिबरी. नटबोल्टातल्या नटाला इथे ढिबरी म्हणतात हे तुला माहीत आहे. पुण्यात सांगितलंस तर तुलाच समजावून द्यावं लागेल. दिवसभर ती बाबांच्या खुर्चीखाली पडून असते. खुर्ची तीच, जेवणाच्या टेबलाशी तुझ्या उजवीकडची. थंडीत ऊन दुसऱ्या बाजूला येतं, मी दहादा सांगितलं की तिकडे बसा. बसत नाहीत.

अक्षतचा रविवारी फोन आला होता. तो मला दर रविवारी फोन करतो, त्याला रागावू नकोस, जावई गुणाचा आहे. ढिबरीचं ऐकून तो म्हणाला, "आई, लगेच विमा काढून टाका. माझ्या मित्राच्या कुत्र्याने मोजा गिळला, ऑपरेशन करायला लागलं." मी म्हटलं, कुत्र्याचाही विमा असतो? तो म्हणाला, असतो. बाबांना सांगितलं तर ते नाक मुरडतील असं वाटलं होतं. पण ते लगेच म्हणाले, "आधी इन्स्पेक्शन. मग विमा."

आई


२ फेब्रुवारी

रुचिरा,

तुझं उत्तर नाही. चालेल. पत्र पोचलं हे अक्षतने सांगितलं आणि तू ते दोनदा वाचलंस हेही सांगितलं.

मागच्या लाइनीतला आलोक आता विमा कंपनीत आहे. स्कूटरचा, माणसाचा आणि हल्ली जनावरांचाही विमा काढतो. परवा तो अर्ज घेऊन आला. बाबांनी चष्मा लावला आणि अर्जाचा प्रत्येक शब्द वाचायला घेतला. आलोकचा चहा संपला, दुसरा झाला. मग ते एका ओळीवर अडले. जनावराला आधीपासून काही आजार किंवा शारीरिक दोष आहे का, हो की नाही.

"अंकल जी, 'नहीं' पर टिक कर दीजिए, बस," आलोक म्हणाला.

"काहून? आहे ना!" बाबा म्हणाले. आणि मग त्याला कळावं म्हणून, "कमी है, तो नहीं कैसे लिख दें, बेटा?"

"सब ऐसे ही लिखते हैं, अंकल."

"इसीलिए सबके क्लेम अटकते हैं."

आलोकने माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांवर खोबरं पेरत राहिले. बाबांनी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

ते दोन दिवस तू बघायला हवे होतेस. स्टीलची फूटपट्टी, फॅक्टरीतला जुना टॉर्च, बाबा जमिनीवर मांडी घालून आणि मी ढिबरीला धरून. ती पट्टी चाटायची, टॉर्च चावायची. बाबा एकेक दोष पुकारायचे आणि स्वतःच लिहायचे. मागचा उजवा पाय आखूड. डावा कान उभा राहत नाही. खालचा एक दात तिरका. शेपटीचं टोक वळलेलं. पोटावर टक्कल, रुपयाच्या नाण्याएवढं. दूध पचत नाही. कुकरच्या शिटीवर भुंकते. अठरावा दोष 'हट्टी' आणि एकोणिसावा 'मालकाचं ऐकत नाही'. वेगळा कागद जोडला, खाली सही केली आणि सहीखाली 'निवृत्त इन्स्पेक्टर' असंही लिहिलं. जणू कंपनी उठून सलाम करणार होती.

मी म्हटलं, "अहो, काही गुणही लिहा की. तुम्ही आलात की दारापर्यंत धावत येते, लिहा ना."

"रिपोर्टात गुणांचा रकाना नसतो," ते म्हणाले. "गुण असतात म्हणून तर माल टेबलावर येतो."

मला हसू आलं. मग तो दिवस आठवला आणि हसू थांबलं. तुलाही एव्हाना आठवलाच असेल.

आई


११ फेब्रुवारी

रुचिरा,

तुझा मेसेज मिळाला. 'कुत्रीलाही सोडलं नाही का त्यांनी?' दोन वर्षांत वडिलांबद्दलचं तुझं हे पहिलं वाक्य. मी ते बाबांना दाखवलं नाही. मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

आधी कंपनीचं ऐक. त्यांचं पत्र आलं. विमा देतो म्हणतात, पण बाबांनी लिहिलेलं सगळं वगळून. पाय वगळला, कान वगळला, दात, कातडी, पोट वगळलं. शेपटीसुद्धा वगळली, तिला काय होणार होतं देव जाणे. उरलं काय? अपघात, चोरी आणि ढिबरी दुसऱ्या कोणाला चावली तर त्याची भरपाई. आलोक डोक्याला हात लावून बसला. "आंटी, कुत्ता छोड़कर बाक़ी सबका बीमा हो गया."

बाबा बाहेर गेले तशी त्याने बॅगेतून दुसऱ्या कंपनीचा कोरा अर्ज काढला. म्हणाला, आंटी, तुमच्या नावाने भरू, सगळीकडे 'नहीं', अंकलना सांगायचंच नाही. मी पेन हातात घेतलं. खरं सांगते, घेतलं. ढिबरीला हल्ली जिना चढताना त्या पायाचा त्रास होतो, डॉक्टर म्हणतात पुढेमागे ऑपरेशन लागेल. मला तिचा पाय वाचवायचा होता. पण त्या चौकोनापर्यंत पेन गेलं आणि हात पुढे जाईना. या माणसाशी एवढी वर्षं संसार केल्यावर 'नाही' या शब्दावर खोटी खूण करणं माझ्याने झालं नाही. कोरा अर्ज आलोकला परत दिला. स्वतःचा अभिमान वाटला आणि स्वतःची चीडही आली.

आता तो दिवस. अक्षतचे आईवडील लग्नाचं बोलायला आपल्याकडे आले होते. तुझ्या सासूबाईंच्या हातात पोह्यांची बशी होती, पहिला घासही घेतला नव्हता आणि बाबा सुरू झाले. मुलीला डाव्या कानाने ऐकू येत नाही, पाचवीत असताना ताप आला त्यात गेला. मनगट सायकलवरून पडून मोडलं होतं. थायरॉइडची गोळी चालू आहे. राग नाकावर असतो. स्वयंपाक कच्चा. टेबलावर माल मांडून बोलावं तसं, मुद्द्यामागून मुद्दा. तू आतून बाहेर आलीस आणि म्हणालीस, "बाबा, मी काय फॅक्टरीचा माल आहे?"

लग्न पुण्यात झालं. तू त्यांना निरोप पाठवलास, या, पण तोंड उघडू नका. ते म्हणाले, मग मी न आलेलंच बरं. मला स्टेशनवर सोडायला आले आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे होते. मला वाटायचं हा त्यांचा अहंकार आहे. तुझ्याइतकीच मीही चिडले होते.

माझा राग आज कशाचा आहे ते मला नीट सांगता येत नाही. 'सोडलं नाही' या शब्दाचा असावा. ते कोणाला सोडत नाहीत हे खरं आहे. ढिबरीला काल त्यांनी डॉक्टरकडे नेलं ते सबंध रस्ता कडेवर घेऊन.

आई


१९ फेब्रुवारी

रुचिरा,

हे पत्र बसून वाच. चालता चालता, लिफ्टमध्ये वगैरे नको.

काल आलोक बाबांचं काय ठरलं ते विचारायला आला. मला वाटलं बाबा कंपनीचं पत्र फाडतील. ते तर खूश होते. प्रत्येक वगळलेल्या ओळीवर पेन्सिलने बरोबरची खूण केली होती.

"अंकल, इसमें बचा क्या?" आलोकने विचारलं.

"जो बचा है, वो पक्का बचा है. हमने सच लिखा, उन्होंने सच लिखा. अब कोई किसी को झूठा नहीं कहेगा. पॉलिसी बना दो."

आलोक ऐकेना. दोष लिहून फायदा काय झाला, म्हणाला. तेव्हा बाबांनी त्याला जे सांगितलं ते मी ओट्यापाशी उभी राहून ऐकलं, आणि इतक्या वर्षांत ते मला कधी सांगितलं नव्हतं. फॅक्टरीत तीन शिक्के असायचे. एक पास. एक रिजेक्ट. आणि तिसरा, 'जैसा है वैसा मंज़ूर'. मालात दोष आहे, पण कामाचा आहे, तर दोष कागदावर लिहायचा, घेणाऱ्याने वाचून सही करायची आणि माल घ्यायचा. पास झालेला माल परत यायचा, बाबा म्हणाले. आत कुठे तडा निघाला, गाडीत भरून परत. पण तिसऱ्या शिक्क्याचा माल त्यांच्या नोकरीत एकदाही परत आला नाही. परत कुठल्या तोंडाने पाठवणार? सगळं वाचून घेतला होता.

आलोक गेला. ते ढिबरीचा पडका कान चोळत बसले. मी चहा ठेवला आणि विचारलं, "आणि रुचिराच्या वेळी?"

"काहून विचारून राहिली?"

"सांगा."

त्यांनी ढिबरीचा कान सोडला. मग म्हणाले, "बेबीला लपवून दिलं होतं. परत आली. रुचिराला सांगून दिलं." आणि ढिबरीला घेऊन बाहेर गेले.

आता बेबीआत्याचं मला सांगायलाच हवं. तुझ्या वेण्या घालणारी, तुला शंकरपाळ्यांचे डबे भरून देणारी आत्या. तिचा नवरा मिलिटरीत होता आणि लवकर वारला, असं आपल्या घरात सगळ्या मुलांना सांगत आले. मीही तुला तेच सांगितलं. तो वारला नव्हता. बेबीला फिट्स यायच्या. घरच्या मोठ्यांनी ते लपवून लग्न लावलं. पहिल्या दिवाळसणाच्या आधीच सासरच्यांनी तिला माहेरी, चेरीतालच्या घरी आणून सोडलं आणि 'फसवलंत तुम्ही आम्हाला' हे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. तुझे बाबा तेव्हा नुकते नोकरीला लागले होते. तिची ट्रंक रस्त्यावरून उचलून त्यांनी आत नेली. पुढे आत्या आयुष्यभर आपल्याकडेच राहिली आणि त्या ट्रंकेतल्या साड्या तिने कधी नेसल्या नाहीत. तू सहावीत असताना ती गेली, तेव्हा त्या साड्यांच्या घड्या जशाच्या तशा होत्या.

मी तुला एकच विचारते. तुझ्या सासूबाईंनी गेल्या दोन वर्षांत एकदा तरी तुझ्या कानाचा विषय काढून टोचलं का? भांडणात, रागात, नातेवाइकांसमोर? काढला नसेल. अक्षत तर सांगतो की जेवताना सासूबाई आठवणीने तुझ्या उजव्या हाताला बसतात, म्हणजे तुला नीट ऐकू येतं. त्यांना हे कोणी शिकवलं? पोह्यांची बशी हातात असताना ज्याने सगळं सांगून टाकलं त्याने. तो तुझा विमा होता, रुचिरा. बोलण्याची पद्धत वाईट होती, वेळ वाईट होती, तुला विचारलं नाही हे तर फारच वाईट. ते त्यांना मी सुनावलं आहे आणि ढिबरी साक्षीला होती. पण असा नवरा मला मिळाला म्हणून माझी मान आज ताठ आहे. तुला हे पटलंच पाहिजे असं नाही.

आता कामाचं. मालक सत्तरीच्या पुढचे असतील तर कंपनीला आणखी एक नाव लागतं. उद्या आम्हाला काही झालं तर जनावर कोण घेणार, ते. आलोकने विचारलं, कोणाचं लिहू? मी काही बोलायच्या आत बाबांनी तुझं नाव सांगितलं. नंबर शोधायला मी फोन हातात घेतला, तर तोही ते घडाघडा सांगून मोकळे झाले. दोन वर्षांत तो नंबर त्यांनी एकदाही लावलेला नाही. पाठ मात्र आहे. मी बघत राहिले, ते ढिबरीकडे बघत राहिले.

तुला कंपनीतून फोन येईल. ढिबरीला घ्याल का, विचारतील. तू नाही म्हणालीस तर पॉलिसी होणार नाही, आणि मी तुला दोष देणार नाही. आलोकलाच तेवढं बाबांना सांगावं लागेल. मला ते सांगता येणार नाही.

आई


४ मार्च

रुचिरा,

फोनवर तू काय बोललीस ते तुला माहीत आहे. इकडे काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

आलोक चपला न काढताच घरात आला. कंपनीच्या फोनवर तोही जोडलेला होता, म्हणून त्याने सगळं ऐकलं होतं. बाबा खुर्चीत, ढिबरी खुर्चीखाली, मी मटार सोलत होते. तो उभ्या उभ्याच सांगू लागला. कंपनीच्या मुलीने तुला विचारलं, मॅडम, पेट डॉगमध्ये काही कमतरता आहेत, आपल्याला कल्पना आहे का? तू म्हणालीस, "पूरी लिस्ट पढ़िए." ती म्हणाली, मॅडम, एकोणीस आहेत. तू म्हणालीस, "पढ़िए." तिने पायापासून सुरुवात केली. डाव्या कानाशी आल्यावर तू तिला थांबवलंस आणि तेवढी ओळ पुन्हा वाचायला लावलीस. एकोणीस झाल्यावर ती म्हणाली, आपल्याला मंजूर आहे का, कॉल रेकॉर्ड होतो आहे.

"फिर दीदी ने बोला," आलोक म्हणाला, "लिख लीजिए, जैसा है वैसा मंज़ूर."

बाबा खुर्चीत सरसावून बसले. मग म्हणाले, "फिर से बोलो." आलोकने पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. त्या गरीब पोराला वाटलं अंकलना ऐकू आलं नाही, तिसऱ्या वेळी तो ओरडून बोलला.

ते उठून आत गेले. मी म्हटलं रडतात की काय, जाऊन बघावं. तर ते कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढत होते, आत्याच्या वर्षश्राद्धाला आणि पंधरा ऑगस्टला घालतात तो. माझ्याकडे पाठ करून गुंड्या लावत होते आणि एक गुंडी काही केल्या लागत नव्हती. मी लावून दिली. तेव्हा म्हणाले, "आज इन्स्पेक्शन माझं झालं, विनता. पास नाही झालो. पण घेतलं पोरीने."

रुचिरा, या माणसाच्या डोळ्यांत मी बेबी गेली तेव्हा पाणी पाहिलं होतं, त्यानंतर आज.

मग ढिबरीला पट्टा लावून सगळी कॉलनी फिरून आले. मी गच्चीवरून बघत होते. ती तिच्या त्या आखूड पायाने लंगडत पुढे, हे छाती काढून मागे. ज्या ज्या फाटकाशी कोणी उभं होतं तिथे तिथे थांबले. आधी ढिबरीचे दोष सांगितले, एकही गाळला नाही. मग म्हणाले, "बिटिया ने सब सुनके हाँ बोला है." लोकांना वाटलं असेल तुझं पुन्हा लग्न ठरलं. परत आले तेव्हा अंधार पडायला लागला होता आणि ढिबरी कडेवर होती.

पॉलिसी झाली आहे. पायाच्या ऑपरेशनचं आमचं आम्ही बघू, डॉक्टर म्हणतात अजून वेळ आहे. अक्षत सांगत होता की होळीला सुट्टी जोडून येते. मी काही आग्रह करत नाही. फक्त तुझी खुर्ची पुसून ठेवली आहे, आणि तिच्या उजवीकडे कोण बसतं ते तुला माहीत आहे. तू आलीस तर तो माणूस दारातच म्हणणार की वजन घटलंय, डोळ्यांखाली काळं झालंय आणि केस अजून पुढून विरळ झालेत. ऐकून घे. रिपोर्टात दुसरा रकाना नसतो.

आणि दारातून आत येताना सांभाळ. नवीन माणूस दिसलं की ढिबरी घोट्याला चावते. चावली तर घाबरू नकोस, तेवढ्याचा मात्र विमा आहे.

आई